तोंड आलं तर काय करायचं: पहिल्या दिवसापासून तपासणीपर्यंत

तोंडात व्रण दिसला की त्याच दिवशी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करा: तारीख, जागा आणि अंदाजे आकार. "१२ जुलै, खालच्या ओठाच्या आत डावीकडे, ४ मिमी" एवढं पुरे. औषध कुठलं, जेवण काय, रक्त तपासायचं की नाही, हे सगळं त्यानंतर. साधा व्रण सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतो. जो भरत नाही तो दाखवावाच लागतो. पण "किती दिवस झाले?" असं विचारलं की "झाले असतील आठ-दहा" असं मोघम उत्तर येतं आणि खोदून विचारलं तर कित्येकदा दीड महिना उलटलेला असतो.

इंदूरमध्ये ही नोंद जास्तच गरजेची आहे. सकाळी पोह्यांवर सेव आणि जीरावन हा तिखट-आंबट मसाला, रात्री सराफा बाजारात तळलेले गरम गराडू (एक कंद), मधेच कधीतरी सुपारी नाहीतर तंबाखूची पुडी. तोंडात चरचरणं इथे कुणाला विशेष वाटत नाही. "तिखट लागलं असेल" म्हणून सोडून दिलेले बहुतेक व्रण खरोखर साधेच असतात. जे नसतात ते वेळेत पकडायला तारखेइतकं सोपं साधन घरात दुसरं नाही.

व्रण नीट बघा

हात साबणाने धुवा, कवळी असेल तर काढून ठेवा, आरशासमोर उभे राहा आणि मोबाईलचा टॉर्च लावा. ओठ बाहेर वळवा, गाल बोटाने ताणा, जीभ वर उचला. व्रण कुठे आहे, एक आहे की अनेक, केवढा आहे आणि त्याची कड कशी आहे, एवढं बघायचं. जमलं तर फोटो काढा. चार दिवसांनी त्याच उजेडात दुसरा फोटो काढला की तो वाढतोय की भरतोय हे दिसतं. नुसत्या आठवणीवर ते ठरवता येत नाही.

नेहमी येणारा व्रण, ज्याला डॉक्टर ॲफ्थस अल्सर म्हणतात, तो गोल किंवा लंबगोल आणि उथळ असतो. मधला भाग पिवळसर-पांढरट, भोवती लाल कडं. तो तोंडातल्या मऊ, हलणाऱ्या भागावर येतो: ओठांच्या आणि गालांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली आणि जिभेच्या कडेला, मऊ टाळूवर. एका वेळी एक ते पाच असतात. आकार बहुधा मसुराच्या दाण्याएवढा, १० मिमीच्या आतच. दिसायच्या आधी एक-दोन दिवस त्या जागी चुरचुरतं, मग तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि पुढे दुखणं ओसरत जातं. खूण राहत नाही. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्याने किंवा उष्टा ग्लास वापरल्याने तो दुसऱ्याला होत नाही.

याचेच दोन कमी आढळणारे प्रकार आहेत. एकात व्रण १ सेंमीपेक्षा मोठा आणि खोल असतो, कित्येक आठवडे राहतो आणि भरल्यावर वण सोडतो. तो सुरुवातीपासूनच डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्यात १-२ मिमीचे बारीक व्रण डझनांनी येतात आणि कधी एकमेकांत मिसळून मोठा ओबडधोबड चट्टा होतो.

नागीण ज्या कुळातली आहे त्याच कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे फोड वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण त्यांचं औषध वेगळं आहे. तिथे आधी पाण्याने भरलेले बारीक फोड येतात, घोळक्याने येतात आणि मग फुटतात. जागाही वेगळी: ओठाची बाहेरची कड, हिरड्या, कडक टाळू. लहान मुलात पहिल्यांदा झालं तर सोबत ताप, सुजलेल्या लाल हिरड्या आणि सतत लाळ गळणं असतं. हे मात्र पसरतं. म्हणून अशा वेळी मुलाचे मुके घेऊ नयेत, त्याचे टॉवेल आणि भांडी वेगळी ठेवावीत. साध्या व्रणासाठी आणलेली स्टेरॉइडची पेस्ट यावर लावली तर विषाणूला मोकळं रान मिळतं.

पांढरा थर असेल तर ओल्या कापसाने हलकेच पुसून बघा. निघाला आणि खाली लाल भाग दिसला तर बुरशीची शक्यता जास्त. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणारे, नुकतीच अँटिबायोटिक घेतलेले, साखर वाढलेले आणि कवळी घालूनच झोपणारे लोक यात सापडतात. पंप घेतल्यावर लगेच चूळ भरून थुंकणं, हा यावरचा अर्धा उपाय. पांढरा चट्टा पुसून निघतच नसेल तर घरी थांबू नका, दंतवैद्याकडे जा.

घासतंय का, चावलंय का, भाजलंय का

पुष्कळ व्रणांचं कारण साधं असतं: काहीतरी टोचलं किंवा पोळलं. शिळी, कडक झालेली जाड सेव हिरडीत घुसते. कढईतून नुकत्याच निघालेल्या जिलबीचा पाक बाहेरून निवलेला वाटतो, आत तो तसाच तापलेला असतो. स्टीलच्या ग्लासातला चहा ओठाची आतली कड पोळतो. असा व्रण वेडावाकडा असतो आणि कशाने झाला ते आपल्याला बहुधा आठवतं. कारण पुन्हा घडलं नाही तर तो आठ-दहा दिवसांत भरतो.

कारण तोंडातच बसलेलं असेल तर तो भरत नाही. तुटलेल्या दाढेची कड जिभेला घासत असेल, अक्कलदाढ तिरपी येऊन गाल चावला जात असेल, तारा लावलेल्या दातांचं टोक टोचत असेल, तर कितीही जेल लावलं तरी फरक पडणार नाही. दंतवैद्य ती कड दोन मिनिटांत गुळगुळीत करतात. तारांसाठी मेण मिळतं; टोचणारा भाग कोरडा करून त्यावर मेणाची छोटी गोळी दाबून बसवायची. कवळी टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका, नको तिथे घासली गेली की पकड जाते. काही दिवस ती काढून ठेवा. पण दंतवैद्याकडे जायच्या आदल्या दिवशी घाला, म्हणजे नेमकी कुठे रुतते ते हिरडीवरच्या खुणेवरून त्यांना दिसेल.

मुलाच्या दाताचं काम सुई देऊन झालं असेल तर पुढचे दोन-तीन तास लक्ष ठेवा. ओठ बधिर असतो, मुलाला गंमत वाटते आणि ते ओठ चावत बसतं. दुसऱ्या दिवशी तिथे मोठा पांढरा चट्टा दिसतो आणि घरच्यांना वाटतं पू झाला. तो चावल्याचा व्रण असतो, अँटिबायोटिक लागत नाही.

पहिले चार दिवस

मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांपासून सुरुवात करा. एक ग्लास, म्हणजे साधारण २०० मिली कोमट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ. तीस सेकंद तोंडात खेळवून थुंकायचं. दिवसातून चार-पाच वेळा, त्यातही प्रत्येक खाण्यानंतर नक्की. "जास्त मीठ, जास्त गुण" असं समजून दोन चमचे घातले तर व्रण नुसता झोंबतो. मीठ झोंबतच असेल तर अर्धा कप पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घ्या. डब्यावर बेकिंग पावडर लिहिलेलं असेल तर ते नको, त्यात आम्लही मिसळलेलं असतं.

बर्फाचा छोटा तुकडा चोखला की काही मिनिटं बरं वाटतं. जेवायच्या आधी चोखला तर दोन घास सुखाने जातात. वेदना फारच असेल तर मोठ्या माणसाने जेवणाच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉलची ५०० मिग्रॅची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. गोळी गिळायची आहे. व्रणावर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरायची एक जुनी सवय आहे, तिने आतली त्वचा चक्क भाजते आणि लहान व्रणाचा मोठा होतो. लवंगेच्या तेलाचा बोळा, तुरटीचा खडा आणि व्रणावर टूथपेस्ट चोपडणं, यांनीही तेच होतं.

खाण्याचं म्हणाल तर चार दिवस जीरावन, सेव, चिवडा, पापड, टोस्ट, चिंच, लिंबू, टोमॅटो आणि अननस बाजूला ठेवा. तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दूध-पोळी कुस्करून, ताज्या गोड दह्याचा फोडणी न घातलेला भात, केळं, चिकू, गार खीर, शिरा चालेल. उपासाच्या दिवशी इंदुरी पद्धतीची साबुदाण्याची खिचडी, वर फराळी शेव-चिवडा आणि लिंबू, म्हणजे व्रणाला तिन्ही बाजूंनी मार. त्याऐवजी साबुदाण्याची खीर करा. पाणी भरपूर प्या, दुखत असेल तर स्ट्रॉने.

दात घासणं थांबवू नका. भीतीने चार दिवस ब्रश केला नाही की तोंडातले जंतू वाढतात आणि व्रण चिघळतो. मऊ ब्रश घ्या आणि व्रणाच्या बाजूला सावकाश फिरवा.

मेडिकलमधून काय आणायचं

काउंटरवर जाऊन नुसतं "छाले की दवा" मागितलं तर हातात एक बधिर करणारं जेल आणि बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पडते, कधीकधी अँटिबायोटिकही. अँटिबायोटिक परत करा, साध्या व्रणात त्याचा उपयोग नाही. बाकीचं असं:

लिग्नोकेनचं जेल जागा बधिर करतं, व्रण भरायला मदत करत नाही. जेवायच्या थोडं आधी व्रणापुरतंच लावा आणि पुढे गरम काही खाताना जपा, कारण पोळलेलं कळत नाही. बेंझोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात लावू नका, रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता त्याने धोकादायकरीत्या घटू शकते. कोलिन सॅलिसिलेट असलेलं जेल ॲस्पिरिनच्या जातीचं आहे, सोळा वर्षांखालच्या मुलांना ते नको. ट्यूबवरचे घटक वाचायला अर्धं मिनिट लागतं.

ट्रायॲम्सिनोलोन ०.१ टक्के ही तोंडात लावायची स्टेरॉइडची पेस्ट खरं काम करते: सूज कमी होते आणि व्रण लवकर भरतो. पण ती डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना विचारून घ्या, आणि चुरचुर सुरू होताच लावली तरच तिचा खरा फायदा. पाचव्या दिवशी लावून फारसं हाती लागत नाही. लावायची पद्धत बहुतेकांची चुकते. जेवण झाल्यावर चूळ भरा, व्रणावरची ओल स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या. स्वच्छ बोटावर जेमतेम पाव इंच पेस्ट घ्या आणि व्रणावर नुसती टेकवून हलकेच दाबा. चोळू नका. चोळली की ती रवाळ होते, तिचे कण सुटतात आणि दोन मिनिटांत गिळली जाते. दाबून लावली तर गुळगुळीत पापुद्रा धरतो. पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. दिवसातून दोन-तीन वेळा, त्यातली एक झोपताना, कारण रात्री लाळ कमी असते आणि पेस्ट टिकते. सात दिवसांत फरक नसेल तर थांबवून दाखवा.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के माउथवॉश १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्ट आणि हे यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर हवं, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर मारला जातो. यानंतर लगेच चहा प्यायलात तर दात तपकिरी पडतात. दोन आठवड्यांपलीकडे स्वतःच्या मनाने वापरू नका. बेंझिडॅमिन ०.१५ टक्के हा वेदनेसाठीचा माउथवॉश आहे: जेवणाआधी १५ मिली, अर्धं मिनिट, मग थुंकायचं. झोंबला तर तेवढंच पाणी मिसळा.

घरातले उपाय

जाईची पानं चावणं, पेरूची कोवळी पानं, ज्येष्ठमधाची कांडी, साजूक तूप, ओलं खोबरं, मध. यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत आणि तूप किंवा मधाचा लेप खाताना थोडा आडोसा करतो. पानं धुऊन घ्या, रस्त्याकडेच्या झाडाची नकोत. तेवढं पाळलं तर खुशाल करा, फक्त चौदा दिवसांची मोजणी त्यामुळे थांबत नाही.

एका उपायाला मात्र ठाम विरोध केला पाहिजे. बाळाचं तोंड आलं की मधात टाकणखाराची लाही चाटवायची पद्धत काही घरांत अजून आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बाळाच्या पोटात तो गेला तर उलट्या, झटके आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. आजी प्रेमाने करत असेल, तरी तिला हे शांतपणे समजावून सांगा आणि ती डबी घरातून काढून टाका.

आणि ते "पोट साफ नाही, उष्णता झाली". या समजुतीपायी माणसं एरंडेल घेतात, जुलाबाच्या गोळ्या घेतात आणि अशक्त होतात. बद्धकोष्ठाने तोंडात व्रण येतात याला आधार नाही. भाज्या-फळं कमी खाणाऱ्याला दोन्ही त्रास एकदम होऊ शकतात, म्हणून ते जोडीने दिसतात. उलट, वारंवार व्रण आणि सोबत वारंवार जुलाब असतील तर ती गंभीरपणे घ्यायची जोडी आहे, त्याबद्दल पुढे.

मूल जेवत नसेल तर

पाच वर्षांखालच्या मुलाला ताप, तोंडात व्रण आणि तळहात-तळपायावर पुरळ असेल तर तो बहुधा हँड-फूट-माउथ हा विषाणूचा आजार. आठवडा-दहा दिवसांत बरा होतो, पण शाळेत आणि पाळणाघरात झपाट्याने पसरतो, म्हणून ताप जाऊन फोड सुकेपर्यंत मूल घरी ठेवा. खरा धोका व्रणाचा नाही, पाणी कमी पडण्याचा आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन चमचे गार पाणी, दूध किंवा ओआरएस देत राहा. पॅरासिटामॉल वजनावर मोजून: दर किलोला १५ मिग्रॅ, सहा तासांच्या अंतराने. आठ तासांत लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं किंवा रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल तर त्याच वेळी दवाखाना. ॲस्पिरिन मुलांना कधीही नाही.

पुन्हा पुन्हा का येतं

वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा तोंड येत असेल तर एकेका व्रणावर औषध लावत बसण्यापेक्षा मूळ शोधा. ॲफ्थस अल्सर बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, घराण्यात चालतो आणि वयाबरोबर कमी होतो. अभ्यासाचा ताण आणि जागरण त्याला हमखास खेचून आणतात. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगांत शिकायला महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर हाच अनुभव येतो, त्यात मेसचं जेवण आणि रात्रीचा चहा. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असे व्रण सुरू झाले तर मात्र ताण म्हणून सोडू नका.

रक्ततपासणीत चार गोष्टी मागा: संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिड). सोबत साखर. एक क्रम पाळा: आधी रक्त द्या, मग गोळ्या सुरू करा. मेडिकलवरची बी-कॉम्प्लेक्स महिनाभर खाऊन बी-१२ तपासलं तर आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. नुसतं फोलिक ॲसिडही मनाने घेऊ नका. बी-१२ कमी असताना ते घेतलं तर रक्तातला दोष सुधारलेला दिसतो, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं अगदी नेहमीचं आहे, कारण ते धान्य-भाज्यांत नसतं; दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोल-पँटोप्राझोल घेणाऱ्यांचंही ते घटतं. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, दूधही नको. जेवणाबरोबरचा चहा हीच बऱ्याच घरांत लोह न टिकण्याची जागा आहे.

माळव्यात गहू रोजचा, पोळ्या काय आणि दाल-बाफले काय. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, त्यांच्यात सीलिॲक आजाराची पहिली खूण कधीकधी तोंडातले व्रणच असतात; सोबत पोट फुगणं, जुलाब, वजन न वाढणं, हटवादी ॲनिमिया. यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी असते. ती होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते.

टूथपेस्टच्या घटकांत सोडियम लॉरिल सल्फेट आहे का ते वाचा. काहींना या फेसाच्या द्रव्यामुळे व्रण येतात. ते नसलेली पेस्ट तीन महिने वापरून नोंदवहीत फरक बघा.

औषधांकडेही बघा. हृदयासाठीचं निकोरँडिल आणि काही वेदनाशामक गोळ्या व्रण आणतात. डॉक्टरांना सांगून पर्याय घ्या, स्वतः बंद करू नका. पण दोन औषधांत थांबायला वेळ नसतो. सांधेदुखीसाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं की तोंडभर व्रण ही धोक्याची पहिली सूचना असू शकते. थायरॉइडसाठीच्या कार्बिमॅझोलवर असताना ताप, घसादुखी आणि व्रण एकदम आले तर पांढऱ्या पेशी घटल्याची शंका घेतात. दोन्हींत पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्त तपासा. नवीन औषध सुरू केल्यावर तोंड, डोळे आणि कातडी एकदम सोलवटायला लागली तर थेट कॅज्युअल्टी. व्रणांसोबत गुप्तांगावरही व्रण किंवा डोळे लाल होऊन दुखणं असेल तर तेही लाजेने लपवू नका, निदान त्यावरच ठरतं.

सुपारी

इथे थोडं थांबून वाचा. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तेव्हापासून पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि खाणारा दोन्ही एकत्र करतो. बरेच जण म्हणतात, "मी तंबाखू घेत नाही, फक्त सुपारी." तोंडासाठी नुसती सुपारीही घातकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. गोड सुपारी आणि सुपारीचा मुखवास मुलांच्या हातात देताना हे लक्षात असू द्या. नुसती बडीशेप, धनाडाळ, तीळ यांचा मुखवास ठेवायला काय हरकत आहे?

सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू निबर होते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवात होते ती तिखट सहन न होण्याने. काल-परवापर्यंत जीरावन घालून पोहे खाणारा माणूस आज साध्या वरणाने हाय-हाय करतो. मग गाल आतून पांढुरके पडतात, बोटाला दोऱ्यासारखे पट्टे लागतात, तोंड कमी उघडतं, पाणीपुरी तोंडात मावत नाही. घरची चाचणी सोपी आहे: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. स्वतःचीच बोटं वापरा. तीन जात नसतील तर दाखवायला हवं. निबर झालेली त्वचा पूर्ववत होत नाही, म्हणून तीन बोटांऐवजी अडीच बोटं जातात तेव्हाच सुपारी सोडणं आणि दीड बोट उरल्यावर सोडणं, यात माणसाच्या पुढच्या सगळ्या जेवणांचा फरक आहे.

सोडताना एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. तंबाखू बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना जास्त व्रण येतात. "सोडली म्हणून तोंड आलं, पुन्हा थोडी घेतली तर बरं वाटतं" असं म्हणून माणूस परत पुडीकडे वळतो. हे व्रण जातात. मिठाच्या गुळण्या, पेस्ट आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, हा नंबर टोल-फ्री आहे.

महिन्यातून एकदा आरसा

सुपारी किंवा तंबाखू घेणाऱ्याने, आणि आधी घेत होते त्यांनीही, ठरलेल्या तारखेला तोंड तपासावं. ओठ आतून, दोन्ही गाल, हिरड्या, कडक टाळू. जीभ रुमालाने धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढून तिच्या कडा मागपर्यंत. मग जिभेखालचा भाग. पुडी जिथे दाबून ठेवली जाते, गाल आणि हिरडीमधली ती खोबण, सर्वांत जास्त वेळ बघा. शेवटी मानेच्या दोन्ही बाजू आणि जबडा चाचपा. लाल किंवा पांढरा चट्टा, बोटाला कडक लागणारी कड, उगाच हलणारा दात, मानेत गाठ, गिळताना अडकणं, जीभ किंवा ओठ बधिर वाटणं, यांपैकी काहीही असलं तर दोन आठवडेही थांबू नका.

दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हा तर्क इथे उलटा पडतो. साधा व्रण भरपूर दुखतो. कर्करोगाचा सुरुवातीचा व्रण पुष्कळदा दुखत नाही. साधा व्रण जागा बदलत येतो. एकाच जागी ठाण मांडून बसलेला, दाबल्यावर कडक लागणारा व्रण वेगळा. तुटकी दाढ गुळगुळीत करून घेतल्यावरही दोन आठवड्यांत जिभेचा व्रण भरला नाही, तर "दाढेमुळेच होता" हे कारण तिथे संपलं.

कुठे जायचं, काय सांगायचं

आधी जवळचे दंतवैद्य. त्यांनी पुढे पाठवलं किंवा खर्चाचा प्रश्न असेल, तर इंदूरच्या सरकारी एम.वाय. रुग्णालयासमोरचं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे ओरल मेडिसिन विभाग विचारायचा. सकाळी लवकर जा. सोबत व्रणाच्या तारखा, फोटो, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, जुने रक्ताचे रिपोर्ट. सुपारी-तंबाखू किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, कुठल्या गालात ठेवता, हे घरच्यांसमोर सांगायला जड जात असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटायचंय असं सांगा. खोटा आकडा सांगितला तर तपासणी चुकीच्या दिशेला जाते.

बायोप्सी सांगितली की घरात रडारड होते आणि कुणीतरी म्हणतं, "सुरी लागली की पसरतो." असं होत नाही. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, लागला तर एखादा टाका घालतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन-तीन दिवस मऊ, गार जेवण. त्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, रक्ताची गाठ निघून येते. रक्त गळालं तर स्वच्छ गॉज घडी करून दहा मिनिटं सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. निकाल यायला साधारण आठवडा लागतो. कधी मिळेल ती तारीख खिडकीवरूनच विचारून घ्या आणि तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका, कारण कित्येक रिपोर्ट तयार होऊन तिथेच पडून राहतात. निकाल निर्दोष आला आणि व्रण तरीही महिनाभर तसाच राहिला, तर तो कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा. चुकीच्या जागेचा तुकडा निघालेला असू शकतो आणि दुसऱ्यांदा बायोप्सी करावी लागते.